माग हरवतो तेव्हा

(स्मृती व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो. पाढा म्हणताना कोणी अडलं की गुरुजी रागावत नसत. ते म्हणत, "जिथवर बरोबर होतं तिथवर मागं जा, आणि तिथून परत म्हण." हे वाक्य माझ्या साठीनंतर माझ्या उपयोगी पडलं. कसं पडलं, ते सांगण्यासाठी आज उभा आहे.

विषय आहे घराण्याचा शोध. आपल्यापैकी पुष्कळ जण या शोधात आहेत. कोणाला वंशावळ लिहायची आहे, कोणाला दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी आहे, कोणाला मूळ गाव आणि कुलदैवत शोधायचं आहे. सुरुवातीला उत्साह असतो. आजोबांचं नाव माहीत असतं, पणजोबांचं सापडतं, आणि मग एके दिवशी वाट खुंटते. रजिस्टरची पानं वाळवीनं खाल्लेली असतात. मोडी वाचणारा भेटत नाही. सांगणारी म्हातारी माणसं निघून गेलेली असतात. आपण फाईल माळ्यावर टाकतो आणि म्हणतो, नशिबात नव्हतं.

त्या क्षणाबद्दल मला बोलायचं आहे.

आपल्या मुलखात पूर्वी चोरी झाली की गावचा रामोशी, जागल्या चोराचा माग काढायचा. पावलांच्या खुणा बघत तो शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला, की पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा, आणि मग पुढची जबाबदारी त्या गावाची. पण कधी माग खडकावर जाऊन हरवे. खडकावर पाऊल उमटत नाही. तेव्हा चांगला जागल्या खडक न्याहाळत बसत नसे. तो खडकाला वळसा घालायचा. खडक संपून माती जिथं पुन्हा लागते तिथं, चहूबाजूंनी वाकून बघायचा. माग कुठून तरी बाहेर पडलेला असतो, या भरवशावर. आजच्या बोलण्यात मला एवढंच सांगायचं आहे: खडकाला वळसा घाला, आणि शिवेवर माग हवाली करा.

आता माझा खडक सांगतो.

माझ्या वडिलांची आई माझ्या लहानपणापासून एक गोष्ट सांगायची. तिच्या माहेरी, कराड तालुक्यातल्या एका वाडीत, तिचा थोरला भाऊ होता. ती त्याला अण्णा म्हणायची. ती आठ-नऊ वर्षांची असताना अण्णा लढाईवर गेला आणि परत आला नाही. ती सांगायची, "खेचरं हाकायला गेला आणि बसऱ्याला राहिला." आणि पुढं नेहमी म्हणायची, "माहेरी देव्हाऱ्यात अण्णाची देवी आहे. दसऱ्याला मी तिला चिंच लावून घासायची." आजी 1984 मध्ये गेली. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, अण्णा शोधायचा.

तुम्ही म्हणाल, हे तर आजीचं माहेर, तुमचं कूळ नव्हे. खरं आहे. छापील कुलवृत्तांतांच्या नियमानं अण्णा माझ्या वंशावळीत बसत नाही. पण एक विचार करा. कोतवाल बुकात मी आजीच्या जन्माची नोंद शोधून काढली. तिथं तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, आणि मुलाच्या रकान्यात एकच शब्द आहे: स्त्री. बारसं व्हायच्या आत नोंद झाली, म्हणून नाव नाही. शाळेत ती गेली नाही, म्हणून दाखल-खारीज रजिस्टरात नाही. 1956 च्या वारसा कायद्याआधी बापाच्या जमिनीत मुलींना वाटा नव्हता, म्हणून बाप वारला तेव्हाच्या फेरफारात वारस म्हणून ती नाही. लग्नात आडनाव बदललं. माहेरच्या कागदांतून तिचं नाव असं पुसलं गेलं, पण भावाची आठवण तिनं सत्तर वर्षं सांभाळली. जिला कागदानं विसरलं तिनं एका माणसाला विसरू दिलं नाही. हा शोध माझा नव्हे तर कोणाचा?

पहिला खडक लगेच लागला. अण्णा म्हणजे कोण? आजीनं त्याचं खरं नाव कधी उच्चारलं नव्हतं. थोरल्या भावाचं नाव घ्यायची रीत नव्हती. आणि आपल्याकडं नाव नसेल तर कागद मुका असतो. इंग्लंडमधल्या माणसाला 1841 पासूनच्या जनगणनेत घराघरातली माणसं नावानिशी बघता येतात. आपल्याकडं 1872 पासून शिरगणती झाली, पण घरोघरी भरलेले नावांचे तक्ते राखून ठेवले गेले नाहीत. आपल्याला आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. गावच्या प्रवेशद्वाराशी कधी संगमरवरी पाटी पाहिली असेल: 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, पैकी इतकी मेली. सातारा जिल्ह्यात, कोकणात अशा पाट्या आहेत. आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आजीच्या वाडीतही तशी पाटी आहे. तिच्यावर "गेले"चा आकडा आहे, "मेले"चा आकडा आहे. त्या दुसऱ्या आकड्यात अण्णा आहे. नाव नाही.

मी पाटीपुढं उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, इथं संपलं. वर्षभर मी काही केलं नाही.

मग एका हिवाळ्यात हेळवी आला. तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. हेळवी म्हणजे आपल्या दक्षिण भागात घरोघर फिरून घराण्याची वंशावळ सांगणारे लोक. सुगी झाली की बैल घेऊन येतात, दारात उभं राहून मूळ पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत नावं म्हणतात, नवी जन्मलेली मुलं वहीत चढवतात, आणि धान्य, कापड, पैसा घेऊन पुढच्या दारी जातात. आमच्या घरचा हेळवी आजीच्या माहेरचाही असेल असं काही नाही. मी त्यालाच विचारलं, त्या वाडीला कोण जातं? त्यानं आपल्या एका भाऊबंदाचं गाव सांगितलं. मी तिथं गेलो. त्या माणसानं वही उघडली, आजीच्या बापाच्या नावावर बोट ठेवलं, आणि त्याचे चार मुलगे म्हणून दाखवले. पहिलं नाव उच्चारून तो थांबला आणि म्हणाला, "याची पुढं वेल नाही." वेल नाही म्हणजे संतती नाही. अण्णा बिनलग्नाचा गेला होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वळशाचा अर्थ कळला. आपण कुळाचा शोध सरळ रेषेत वर घेत जातो: बाप, आजा, पणजा. रेष तुटली की थांबतो. पण माणूस एकटा जगत नाही. त्याचे भाऊ असतात, सोयरे असतात, उपाध्याय असतो, सावकार असतो, शेजारी असतो. नाशिकच्या रामकुंडावरचा तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून नामावळीची वही काढतो, तेव्हा त्यात आपल्या घरचं पान नसेल, पण भाऊबंदांचं असू शकतं, आणि अस्थी घेऊन आलेल्या चुलत्यानं सगळ्या घराची नावं लिहून ठेवलेली असू शकतात. 1903 च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली. तिच्या फेरफारांत आपला माणूस खातेदार नसला, तरी शेजारच्या खातेदाराच्या चतुःसीमेत किंवा गहाणखतात साक्षीदार म्हणून असू शकतो. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या कागदात शोधायचं.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? 1898 मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढं त्यांचे 22 खंड झाले. हे कागद एका दप्तरात ठेवलेले नव्हते. ते गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर, देवघरांत पडले होते, आणि ज्यांच्या घरात होते त्यांना बहुधा त्यांची किंमत ठाऊक नव्हती. अशा माणसाला किती दारांवरून रिकाम्या हातानं परतावं लागलं असेल, याचा विचार मी खचलो की करतो. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले, तोवर काम चालूच होतं.

माझ्या हाती नाव आलं, आणि त्या नावासरशी दुसरा खडक आला. नाव विठोबाच्या नावांपैकी एक. आमच्या भागात त्या काळी प्रत्येक वाडीत त्या नावाचे दोन-चार गडी. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग म्हणून 1917 पासून चालत आलेली एक संस्था आहे. दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांच्या याद्या तिच्याकडं आहेत, आज त्या कोणालाही पाहता येतात. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणी होत्या. 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर 1915 मध्ये वेढा पडला, 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार माणसांनी शरणागती दिली. कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत त्यांपैकी फार माणसं मेली. तिथल्या बसरा शहरातल्या युद्धस्मारकावर 40 हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. पण 1929 मध्ये ते स्मारक उघडलं तेव्हा त्यावर गोऱ्यांची नावं कोरली होती, हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली होती, आणि हिंदी शिपायांचे फक्त आकडे. अमुक पलटणीचे इतके. म्हणजे आजीच्या वाडीच्या पाटीवर एक आकडा आणि बसऱ्याच्या दगडावर दुसरा आकडा, आणि दोन्हींत मिळून अण्णा. एप्रिल 2021 मध्ये या आयोगानं स्वतःच मान्य केलं, की कमीत कमी 1 लाख 16 हजार माणसांची, कदाचित 3 लाख 50 हजारांपर्यंत, नावानिशी आठवण ठेवली गेली नाही किंवा मुळीच ठेवली गेली नाही, आणि त्याबद्दल माफी मागितली. त्यांत बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले लोक.

याद्यांत मी मराठा पलटणी पिंजून काढल्या. त्या नावाची माणसं सापडली, पण कोणाचं गाव वेगळं, कोणाचा बाप वेगळा, आणि कोणाचं काहीच लिहिलेलं नाही. इंग्रजी कारकुनानं ऐकून लिहिलेल्या आपल्या गावांची नावं ओळखणं हीच एक विद्या आहे. एका कार्यालयात मी अर्ज केला, उत्तर आलं की अभिलेख उपलब्ध नाही. दुसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

तेव्हा मला गुरुजींचं वाक्य आठवलं. जिथवर बरोबर होतं तिथवर मागं जा.

मी माळ्यावरची वही काढली. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात, आजीचं बोलणं आठवेल तसं मी तिच्यात लिहून ठेवलं होतं. पहिल्या पानावर दोनच वाक्यं. खेचरं हाकायला गेला. माहेरी अण्णाची देवी आहे.

मित्रहो, ही दोन वाक्यं पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होती. मी ती वाचलीच नव्हती. पहिलं वाक्य मी का सोडून दिलं, हे मनाला विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं. मला बंदूकधारी शिपाई हवा होता. खेचरं हाकणारा आजीचा भाऊ मला नको होता. म्हणून मी सगळा शोध पलटणींत घेतला. पण त्या लढाईला हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली, ती सगळी बंदूकवाली नव्हती. खेचरं हाकणारे, भिस्ती, स्वयंपाकी, सुतार, डोलीवाले, मजूर. खेचरांवरून दाणागोटा आणि गोळे पुढं गेले म्हणून शिपाई लढले. आजी खरं सांगत होती, आणि मी माझ्या मानासाठी ते ऐकलं नव्हतं. आपला माग पुष्कळदा कागदाअभावी हरवत नाही. आपल्याला जे सापडायला हवं असतं त्यानं तो पुसला जातो. पुष्कळ घराणी म्हणूनच तुटलेल्या जागी एखादा राजवंश जोडून घेतात. तो जोड दिसायला सुंदर असतो, पण त्याखाली खरा पूर्वज कायमचा गाडला जातो.

दुसरं वाक्य घेऊन मी आजीच्या माहेरी गेलो. तिच्या भाच्याच्या सुनेला म्हणालो, "वहिनी, देव्हाऱ्यात अण्णाची देवी म्हणून काही आहे का हो?" त्यांनी हात धुतले, देव्हाऱ्यातून एक काळपट गोल चकती काढली आणि पदरानं पुसून माझ्या तळहातावर ठेवली. वीतभरही नाही, पण जड. हळदीकुंकवाचा थर. त्याखाली हातात त्रिशूळ घेतलेली एक उभी बाई, आणि तिच्यापुढं सिंह.

ती देवी नव्हती. ती ब्रिटानिया होती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी इंग्रज सरकार ब्राँझची अशी चकती पाठवत असे. साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर मृताचं नाव, नुसतं नाव, हुद्दा नाही, उठावदार अक्षरांत ओतलेलं असे. घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं. त्रिशूळ दिसला, सिंह दिसला, माझ्या पणजीनं तिला देवी मानलं आणि मुलगा देव्हाऱ्यात ठेवला. नव्वदहून अधिक दसरे बायकांनी तिला चिंच लावून घासलं. त्यात माझ्या आजीचे हातही होते. नावाच्या चौकटीतली अक्षरं झिजून गेली होती. उन्हात तिरपी धरली तेव्हा शेवटची तीन अक्षरं लागली. हेळव्यानं सांगितलेल्या नावाशी ती जुळतात.

मी ओसरीवर बसून राहिलो. ज्या नावासाठी मी दारोदार हिंडलो ते इथंच होतं, आणि ते नाहीसं केलं होतं ते मायेनं. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता घासायची नाही का भावजी?" मी म्हणालो, "घासा. पण चिंच नको, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा."

पुढं खेचरांच्या तांड्यांच्या, म्यूल कोअरच्या याद्यांत त्या नावाचा एक माणूस मिळाला. बापाचं नाव नाही, गाव नाही. मृत्यू मेसोपोटेमियात. तो अण्णा आहे का? असावा. मला सिद्ध करता येत नाही. वंशावळीच्या कागदावर मी ते नाव आणि नंबर पेन्सिलीनं लिहिलं आहे. बाकी सगळं शाईनं. ज्याला पुरावा आहे ते शाईनं, ज्याला फक्त संभव आहे ते पेन्सिलीनं, आणि जिथं काही नाही तिथं जागा मोकळी. मोकळ्या जागेची लाज वाटू देऊ नका.

तुम्ही विचाराल, सिद्ध होत नसेल तर एवढ्या वर्षांचं फळ काय? सांगतो. याद्या चाळताना आमच्या आसपासच्या गावांची जी नावं ओळखू आली, ती मी उतरवून घेत गेलो. माझ्या कामाची नव्हती, तरी. एका श्रावणात वाडीच्या देवळात मी ती वाचून दाखवली. पाटीवरच्या आकड्याखाली पहिल्यांदा नावं उच्चारली गेली. वाचता वाचता मागं बसलेले एक म्हातारे उठून उभे राहिले. म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. यादीतलं एक नाव त्यांच्या आजोबांच्या भावाचं होतं. त्यांच्या घरी त्याला पळून गेलेला समजत होते. शंभर वर्षं समजत होते. मला माझा माणूस शाईत मिळाला नाही. त्यांना त्यांचा मिळाला, माझ्या वहीत.

आणि माझा माणूसही अशाच कोणाच्या तरी वहीत असेल. मॉरिशसला 1834 पासून हिंदुस्थानी मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. त्यांच्या नातवंडांची अडचण आपल्या उलट आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या पूर्वजांची रजिस्टरं आहेत: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, काहींचे तर फोटोसुद्धा. त्यांच्याकडं कागद आहे, गाव सापडत नाही. आपल्याकडं गाव आहे, गेलेल्या माणसाचा कागद नाही. दोघंही आपापल्या खडकावर बसून आहेत. दोघांनी आपापली वही उघडी केली, तरच माग पुढं सरकेल.

म्हणून तरुण मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. वाट खुंटली की तीन कामं करा. पहिलं, जे शोधलं आणि मिळालं नाही तेही तारखेसकट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला तोच खडक पुन्हा चढावा लागणार नाही. दुसरं, कागद बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी जाऊन बसा, ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, तुम्हाला पटलं नाही तरी. दप्तरं पुढच्या वर्षीही मिळतील, ती मिळेलच असं नाही. आणि तिसरं, शोधताना शेजाऱ्याचं नाव दिसलं तर तेही टिपा.

माझी वही मी आज सोबत आणली आहे. आजीच्या माहेरची पणती, वहिनींची नात, कराडला कॉलेजात शिकते. मोडीचा वर्ग लावलाय तिनं. ती इथं पहिल्या रांगेत बसली आहे. बाळ, जरा वर ये. ही वही घे. खेचरांच्या तांड्यांची नोंद शेवटून चौथ्या पानावर आहे, पेन्सिलीनं. माझी शीव इथवर. इथून पुढचा माग तुझ्या हवाली.